अळणी भट्टी

२१ एप्रिल १९६८, रविवार. यवतमाळच्या घरी वर्षाचे गहू उन्हातून काढून त्यांना एरंडेल चोळत बसले होते. हात कोपरापर्यंत तेलकट, पदर खोचलेला, अर्धी रास अजून चटईवर. तेवढ्यात फाटकाशी प्रल्हाद उभा दिसला, बोरीहून आलेला, माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मधला मुलगा. तो आत आला नाही. अंगणाच्या कडेलाच उभा राहून म्हणाला, "काकू, माय गेली." आदल्या दिवशी भर दुपारी वावरातून परतताना तिला ऊन लागलं, संध्याकाळी ताप चढला आणि पहाटे...

पहिला विचार जाऊबाईंचा आला नाही, कुंदाच्या जेवणाचा आला. कुंदा माझी मुलगी, तेरा वर्षांची. मूत्रपिंडाच्या दुखण्यातून उठलेली. दुखणं गेलं असं अजून कोणी डॉक्टर म्हणत नाही, 'सध्या बरं आहे' एवढंच म्हणतात. तिला मीठ वर्ज्य. आणि ज्या घरी मयत झालं तिथं त्या दिवशी चूल पेटत नसते. शेजारपाजारून जेवण येतं, आणि लोकांनी मायेनं आणलेल्या पिठलं-भाकरीत मीठ असतंच. दुसरी भीती याहून मोठी होती. कुंदा रडणार होती. जाऊबाई तिची मोठाई, आणि तिचा जीव माझ्यापेक्षा मोठाईवर जास्त. रडली की डोळे सुजणार, आणि कुंदाचे डोळे सुजलेले दिसले की आमच्या घरात आजही कोणाला घास गिळवत नाही. मी राखेनं हात धुतले, उरलेले गहू शेजारच्या बाईंच्या हवाली केले. हे प्रल्हादबरोबर लगेच पुढं निघाले. कुंदा मैत्रिणीकडे गेली होती, तिला बोलावून आणून तिच्यासह मी मागच्या मोटारीनं निघाले. वाटेत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्याला आता दीड महिना होत आला. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहून येतं. जाऊबाई तशा कोणी नव्हत्या. बोरी अरबमधल्या एका कास्तकार घरातली थोरली सून, सहीच्या जागी अंगठा. पण आमच्या घरावर जी वेळ आली होती ती त्यांच्याइतकी कोणी अंगावर घेतली नाही, आणि ती हकीकत सांगणारी आता मीच उरले आहे.

मी पुसदची, सातवी पास. लग्नानंतर गावातल्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली, म्हणून जाऊबाई मला रागात असल्या की 'मास्तरीन' म्हणत आणि बऱ्या मनात असल्या की 'सुमन'. दिवसातून दोन्ही हाका ऐकू येत. कामाला वाघीण, बोलायला फटकळ, कौतुक करायला महाकंजूष. आमच्याकडे रोडगे सगळेच करतात. जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे आणि भाजले की राख झटकून तुपात बुडवायचे, यात काही विशेष नाही. पण जाऊबाई निखाऱ्यातला रोडगा बोटानं ठोकून नुसत्या आवाजावरून सांगत की आत कच्चा आहे की झाला. मी पुष्कळदा ठोकून पाहिलं. मला बोट भाजण्यापलीकडे काही कळलं नाही.

त्यांचं माहेर यवतमाळजवळचं लोहारा. तिकडच्या बायका दिवाळीआधी रवा, तूप, साखर घेऊन शहरातल्या बेकरीत जात आणि आपापली नानकटाई भाजून आणत. लहानपणी आईच्या ताटावर लक्ष ठेवायला जाऊबाईंना भट्टीपुढं बसवलेलं असे. ताट राखता राखता त्यांनी भट्टीच पाहून घेतली. लग्नानंतर दर दिवाळीला आमचं ताट दारव्ह्याच्या एका बेकरीत जाई. ज्या वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षीच्या दिवाळीत ताटांची अदलाबदल झाली. घरच्या म्हशीचं तूप गेलं आणि परत आलेल्या नानकटाईला वनस्पती तुपाचा वास. जाऊबाईंनी एक तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाल्या, "माह्या म्हशीचं तूप कोनाच्या तरी पोटात गेलं. आता हे काम घरीच."

परसात गोठ्याच्या भिंतीला लागून त्यांनी मातीचा ओटा घातला, त्यात रॉकेलचा रिकामा डबा आडवा बसवला, वरून मातीचा जाड लेप. खाली निखारे, वर पत्र्यावर निखारे, मध्ये लोहाराकडून करून आणलेली जाळी. उष्णता पाहायची तर चिमूटभर पीठ आत टाकायचं. पीठ पिवळं पडलं तर ताट सरकवायचं, काळं पडलं तर निखारे ओढायचे. पीठ घरच्या जात्याचं, लोणी-तूप घरचं, गूळ ओळखीच्या गुऱ्हाळातला. दिवाळीसाठी घातलेली भट्टी मग आठवड्याला पेटू लागली. गव्हाची नानकटाई, ज्वारीच्या पिठाची गूळ-तिळाची बिस्किटं, दह्यात मळलेला पाव आणि त्या पावाच्या चकत्या पुन्हा भाजून केलेले टोस. शाळेतून आलं की त्यांचे तीन आणि माझी एक अशी चारही पोरं आधी गोठ्याकडे वळायची. दप्तरं मागाहून घरात यायची.

कुंदा पाच वर्षांची झाली त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला तिचं तोंड गोल दिसू लागलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेऊन जाऊबाईंना म्हटलं, "पाय वं, तुह्या बिस्कुटानं पोरगी कशी टम्म भरली." गल्लीतल्या बायकाही तेच म्हणू लागल्या. दोघीतिघींनी कृती विचारून नेली. कौतुक करण्यात कंजूष असलेल्या जाऊबाई कौतुक घेण्यात मात्र नव्हत्या. चार दिवस त्या छाती काढून वावरल्या. मलाही बरं वाटलं, कारण कुंदा मुळात किडकिडीत. मग एका सकाळी तिला न्हाऊ घालताना पायातले वाळे मांसात रुतलेले दिसले. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला, आणि तो खड्डा भरेना. कणकेत बोट रुतवावं तसा तो तिथंच राहिला... मी त्याच दिवशी तिला यवतमाळला नेलं.

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, नागपूरहून मागवायच्या गोळ्या सांगितल्या आणि मीठ संपूर्ण बंद केलं. लपवलं काहीच नाही. सूज पोटात, छातीत उतरली तर मूल हाती लागत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक काचेची नळी दिली आणि आम्लाची छोटी बाटली. सकाळची लघवी नळीत घेऊन दिव्यावर उकळायची. पांढरं धरलं तर बाटलीतला थेंब टाकायचा. थेंबानं पांढरं विरलं तर भिण्याचं कारण नाही, राहिलं तर मूल घेऊन तडक निघायचं. घरी येऊन मी जाऊबाईंना करून दाखवलं. त्यांनी नळीतल्या त्या पांढऱ्या थराकडे पाहिलं आणि त्याला 'साय' म्हटलं. तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. रोज सकाळी दूध तापायच्या आधी एकच प्रश्न: नळीत साय धरली का?

अळणी वरण कुंदानं थुंकून टाकलं. "ही माती आहे," म्हणाली आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिला बाजूला बसवून समजावावं, तर पलीकडे भाऊ ठेचा-भाकरी खाताना दिसत. जाऊबाईंनी फार विचार केला नाही. "एका लेकरानं अळणी खायचं आन् बाकीच्यांनी मिटक्या मारायच्या, हे नाई जमनार," असं म्हणून मिठाचा सट उचलून त्यांनी माळ्यावर टाकला. दोन्ही वेळचं जेवण सगळ्या घराचं अळणी. माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, भाजीत तिखट कमी पडलं तरी ताटावरून उठणारा माणूस. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोन घास खाल्ले, बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "आज कोन्त्या देवाचा उपास हाय?" जाऊबाई म्हणाल्या, "मिठाचा." ते मुकाट्यानं जेवले, आणि पुढंही जेवत राहिले.

तरी कुंदाच्या पोटात अन्न जायला हवं होतं. भट्टीतल्या पदार्थांना मिठावाचून अडत नाही, गूळ-तूप सगळं झाकून घेतं. तेव्हा जाऊबाईंनी भट्टी एकाआड एक दिवस पेटवायला सुरुवात केली. वावरातून येऊन, हातपाय धुऊन, पाट घेऊन गोठ्याच्या भिंतीशी बसायच्या. बिस्किटांना पोपटाचे, बैलाचे आकार द्यायच्या. कुंदा खाऊ लागली. गोळ्यांनी सूज उतरली, नळी स्वच्छ आली. घरात पुन्हा मोठ्यानं बोलणं सुरू झालं... आणि महिना उलटतो न उलटतो तोच एका सकाळी साय धरली. थेंब टाकला. गेली नाही.

त्यानंतरचे आठवडे मला नीट लावून सांगता येत नाहीत. सूज चढे, गोळ्या वाढवल्या की थोडी उतरे, पुन्हा चढे. डॉक्टर एकच सांगायचे, मीठ कुठून जातं आहे ते शोधा. आम्ही शोधत होतो. मी पोरांचे खिसे तपासले. बाजारातले खारे फुटाणे घरात आणायला बंदी केली. कुंदाला द्यायचा प्रत्येक घास आधी मी माझ्या जिभेवर ठेवून पाही. गल्लीत तिला एकटं सोडणं बंद केलं, कारण लेकराचं तोंड उतरलेलं पाहून कोणीही हातावर पापड ठेवील. घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होतं. सासूबाईंना लोणच्यावाचून घास उतरत नसे. त्यांच्या उशाशी एक बरणी असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका दुपारी जाऊबाईंनी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही पोरीला लोणचं देता का. सासूबाई डाळ निवडत होत्या. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी कायले देऊ? माही नात हाय ते. तूच रोज भट्टीतून काय काय काढून चारतं तिले, ते पाय आधी."

"माह्या भट्टीत मिठाचा खडा नाई," जाऊबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. मी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. एकमेकींना निरोप द्यायचा तर मध्ये मी.

पुढच्या खेपेला जाऊबाई म्हणाल्या, मीही येते. डॉक्टरांकडे त्या आजवर आल्या नव्हत्या. बरोबर बिस्किटांचा डबा घेतला. आपण पोरीला काय खाऊ घालतो ते डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावं आणि सासूबाईंचं तोंड एकदाचं बंद व्हावं, असा त्यांचा बेत होता. डॉक्टर दिवसभराचे दमलेले होते. त्यांनी एक नानकटाई उचलली, खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाले की अशी खुसखुशीत मी नागपुरातसुद्धा खाल्लेली नाही, कशी करता? जाऊबाई खुलल्या. तूप किती फेसायचं, पीठ कितीदा चाळायचं, सगळं सांगत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आन् मंग सोडा. सोड्याबिगर फुलतच नाई ते. पावाले थोडा जास्त टाका लागते, दह्यात टाकला की फसफसते."

डॉक्टरांचं तोंड चालायचं थांबलं. त्यांनी हातातला तुकडा टेबलावर ठेवला. "बाई, सोडा म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. चव निराळी, अंगात गेला की काम तेच." मग माझ्याकडे पाहून म्हणाले की हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आमच्या विहिरीचं पाणी जड, म्हणून डाळ शिजायलाही चिमूटभर सोडा पडायचा, तेही तेव्हाच निघालं. मीठ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं सट आणि लोणच्याची बरणी. सोड्याला मीठ कोण म्हणणार? तो खारट लागत नाही.

परतीच्या मोटारीत डबा त्यांच्या मांडीवर होता. कुंदा माझ्या खांद्यावर झोपली होती. अर्धी वाट सरेपर्यंत त्या समोरच्या पत्र्याकडे पाहत राहिल्या.

"सुमन, मी विष चारलं का वं तिले?"

"सोडा चारला. विष नाही."

"मंग तू मले काही बोलत काहून नाई?"

"बोलून सूज उतरते का?"

"नाई," त्या म्हणाल्या. गाव जवळ आलं तेव्हा माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मंग आता फुगवायचं कशानं?"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ माणसं दुःखात पाहिली. त्या दिवशीचा तो प्रश्न मला अजून सगळ्यांत शहाणा वाटतो. घरी पोचल्यावर त्यांनी डबा खाली ठेवला, थेट सासूबाईंपुढं जाऊन पायांवर डोकं ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ऊठ आता. आन् दिवसा तरी मले मीठ देत जाय, जीभ लाकडाची झाली." सोड्याची पुडी उकिरड्यात गेली. डाळ दोन दोन तास शिजू लागली.

फुगवायचं कशानं, ते जाऊबाईंनी आठवडी बाजारात शोधलं. जिलबीवाल्याचं पीठ सोड्याशिवाय आंबतं, हे त्यांच्या ध्यानात होतं. त्या त्याच्या कढईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. शेवटी तो म्हणाला की बाई, जिलबी घ्या नाहीतर उजेड सोडा. त्यांनी जिलबी घेतली आणि पिठाचंही काढून घेतलं. मैदा आणि आंबट दही मडक्यात कालवायचं, घोंगडीत गुंडाळून ठेवायचं, फुगून वास सुटला की त्यातलं थोडं पुढच्यासाठी राखायचं. वाचायला सोपं आहे. घरच्या गव्हाच्या पिठाचा पाव त्या खमिरावर चढायला तयार नव्हता. पहिले पाव दगड झाले. भासरे एक उचलून म्हणाले, "हे बंडीच्या चाकाखाली लावाले ठेव, चढावर कामी येईन." जाऊबाई म्हणाल्या, "बंडी थांबन हो. तुमचं तोंड कशानं थांबते?" पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण फसलेला प्रत्येक पाव म्हणजे कुंदाचं एक उपाशी जेवण. गोड बिस्किटं सोड्याविना कडक होत, तिच्या दातांना पेलत नसत. ती पुन्हा ताट सरकवू लागली होती. हातापायांवर सूज आणि सुजेखाली नुसती काडी, अशी तिची गत. सकाळी नळी, संध्याकाळी भट्टी. दोन्हीकडे श्वास धरून बसायचं आणि दोन्हीकडून निराश होऊन उठायचं.

जाऊबाईंनी तेवढ्यात काय काय करून पाहिलं. पीठ बारीक दळलं, तीनदा वस्त्रगाळ केलं. मडकं चुलीजवळ ठेवलं, मग धान्याच्या कणगीत पुरलं. एकदा पोटाशी धरून बसलेल्याही मी पाहिल्या. हिवाळा लागला होता, खमिराला ऊब हवी होती. एका संध्याकाळी भट्टीचं झाकण काढलं तर पाव डब्याच्या वरच्या पत्र्याला टेकला होता. त्यांनी ठोकून पाहिला. आवाज पोकळ आला. कुंदानं लोणी आणि गूळ लावून तो खाल्ला, आणि आणखी मागितला. जाऊबाई हात धुवायला गेल्या. बराच वेळ विहिरीवरच होत्या.

त्यानंतर नळीतली साय पातळ होत गेली. आणि एका सकाळी नव्हती.

बरी झाली असं तेव्हाही कोणी म्हटलं नाही. पुढच्या वर्षांत सर्दी-पडशाचं निमित्त होऊन दुखणं फिरून आलं, गेलं, पुन्हा आलं. आम्ही कुंदाच्या शाळेसाठी आणि ह्यांच्या बदलीमुळे यवतमाळला आलो. मी तिथं चुलीवर कढईत वाळू घालून टोस भाजायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग दर आठवड्याला बोरीहून मोटारीनं डबा येई. डब्याबरोबर ड्रायव्हरकडे तोंडी निरोप: साय धरली का? तो माणूस कितीतरी दिवस समजत होता की आम्ही शहरात म्हैस पाळली आहे. सुट्टीत बोरीला गेलो की जाऊबाई अंगणातूनच कुंदाकडे बघत आणि सांगत, आज बरी आहे, किंवा, सुमन, नळी लाव. एकदा ती भावांशी भांडून, रडून, डोळे सुजवून आली तेव्हा मी नळी काढायला धावले. त्यांनी मात्र पाहताच सांगितलं की ही रडलेली सूज आहे. कशावरून म्हणता, असं मी विचारलं. "रडलेलं लेकरू आपल्याकडे पाह्यते," त्या म्हणाल्या. "दुखनेकरी पाह्यत नाई."

तर त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा बायका अंगणात बसलेल्या होत्या. कुंदा मोठाईच्या पायांपाशी बसली आणि रडायला लागली ती थांबेना. मी तिला आवरलं नाही असं नाही. दोनदा उठवून आत नेलं, पाणी पाजलं. ऊर बडवू नको, डोळे चोळू नको, असं सांगत राहिले. सोयऱ्यांतल्या एका बाई म्हणाल्या, रडू दे वो लेकराले, माय होती तिची.

अंत्यसंस्कारानंतर भासऱ्यांच्या मावशीनं घरातलं साठवणीचं पाणी ओतायला लावलं, शिजलेलं अन्न बाहेर काढायला लावलं. खमिराचं मडकंही त्यात गेलं. मी ते जाऊ दिलं. आंबवलेलं पीठ पुन्हा करता येतं. पण मग मावशीनं फळीवरचा टोसाचा डबा उचलला. पोरीला या घरात आज खाण्यासारखं तेवढंच आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली की सुतकात घरचं केलेलं ठेवत नाहीत. बाहेर गोठ्याच्या भिंतीशी भासरे बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "मावशी, ते शिजलेलं नाई, भाजलेलं हाय. लाह्या-फुटाने फेकतो का आपन? ठेव तो डबा." मग मान वर न करता विचारलं, "सुमन, पोरीनं खाल्लं का?" आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची रीत नाही. त्या घरात आल्यापासून ते माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

कुंदानं टोस खाल्ला नाही. खायला घातला तर तोंड फिरवलं. आणि मग कळलं की मी आत असताना शेजारच्या एका बाईंनी तिला मांडीशी घेऊन पिठल्यात कालवलेली भाकरी भरवली होती. किती घास, ते त्यांनाही आठवेना. लेकरू उपाशी होतं म्हणून भरवलं, म्हणाल्या. त्यांची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा उठली तेव्हा तिचे डोळे नुसत्या फटी होत्या. बायका हळहळल्या, रडून रडून काय झालं पोरीचं. मी तिला भिंतीशी उजेडात बसवलं आणि हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिली. नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला की नाही, ते माझं मलाच ठरवता येईना. अंगणातून पाहून सांगणारी उरली नव्हती. मी तिच्याकडून लघवी घेतली. नळी आणि बाटली जाऊबाईंच्या भिंतीतल्या देवळीत जिथल्या तिथं होती. आम्ही शहरात जाऊन नवी घेतली, तरी त्यांनी ती पुसून ठेवलेली. चूल बंद होती, म्हणून रॉकेलची चिमणी लावली आणि गोठ्याच्या आडोशाला जाऊन नळी ज्योतीवर धरली. उकळी फुटली आणि वरच्या अंगाला पांढरं धरलं. दाट, ओळखीचं. मी बाटलीचं बूच काढायला गेले तर निघेना. दातांनी काढलं. एक थेंब टाकला. पांढरं हललं, खाली ओघळलं, आणि विरून गेलं. मी नळी उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा उकळली, पुन्हा पाहिली. विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ.

नळी धुतली, देवळीत ठेवली. बाहेर आले. कुंदा तशीच भिंतीला टेकून बसली होती, ओठ मिटून, रडू आवरून, मी कालपासून सांगत होते तशी.

"साय नाही," मी म्हटलं. "आता रड. हवं तेवढं रड."

आणि तिच्याजवळ बसले.